उलटी शिवलेली सोळा पानं

गावभर सगळ्यांना रडवणारी कादंबरी वाचून मी ढिम्म राहिले, आणि तिथेच सगळं सुरू झालं.

मी वाचनालयात काम करते. त्या कादंबरीसाठी एकसष्ट जण यादीत नाव लावून बसले होते. मावशीने तर दोनदा वाचली, दोन्ही वेळा नाक लाल! नायक चार-चार पानं नायिकेच्या डोळ्यांबद्दल बोलतो, पण ‘जेवलीस का?’ म्हणून एकदाही विचारत नाही. मी तसं म्हटलं, तर मावशी म्हणाली, “तुला काळीजच नाही गं.”

हसण्यावारी नेलं खरं, पण मनात धास्ती बसली. प्रेम समोर येऊन उभं राहिलं... आणि मला कळलंच नाही तर?

हाताळून हाताळून पुस्तकाची पानं सुटली, म्हणून ते घेऊन गावात नव्याने आलेल्या बाइंडरकडे गेले. बाहेर भुरभुर पाऊस. त्याने स्टूल पुढे सरकवलं.

“आधी बसा. भिजलात.”

तो सोळा-सोळा पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवू लागला.

“वाचलीत ही?” मी विचारलं.

“क्रम लावताना डोळ्यांखालून गेली तेवढीच.” सुई थांबली. “राग मानू नका, पण... कंटाळा आला.”

“मलाही!” मी जवळजवळ ओरडलेच.

मग काय, अर्धा तास आम्ही त्या नायकाची यथेच्छ खेचली. तो शिवत होता, हसत होता, मध्येच माझ्याकडे बघत होता — आणि मी बघितलं की झटकन दोऱ्याकडे.

शेवटची गाठ मारून त्याने पुस्तक चाळलं, आणि त्याचा चेहराच पडला. शेवटची सोळा पानं उलटी शिवली होती. सगळी अक्षरं डोक्यावर उभी.

“अकरा वर्षांत पहिल्यांदा,” तो पुटपुटला.

“लक्ष कुठे होतं?” मी मुद्दाम विचारलं.

“समोर.”

एवढंच. एकच शब्द... आणि माझ्या छातीत अशी धडधड सुरू झाली की काळजाचा प्रश्न तिथल्या तिथे मिटला.

त्या लेखकाचे किती आभार मानू? कादंबरी आवडली असती, तर पुस्तक टेकवून दोन मिनिटांत निघाले असते.

तो शिवण उसवू लागला. “उद्या तयार ठेवतो. आणि परवा... काही काम नसलं, तरी याल?”

“येईन की,” मी म्हटलं. “पण उद्या ते तयार नसलं, तरी मला चालेल.”