एका हाकेची ओ

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं! ज्याची बांधायची ऐपत नसते त्यानं विकत घेऊन पाहावं, आणि ज्याची तीही नसते त्यानं लोकांची घरं नुसती पाहत हिंडावं. मिना आणि ओमप्रकाश या नवराबायकोनं कित्येक वर्षं हे हिंडायचंच काम केलं होतं. औंढ्यात भाड्याची खोली, वर पत्रे, भिंतीला लागून पिठाची गिरणी. मिना झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवायची, ओमप्रकाशचं मेडिकल होतं. रविवार आला की दोघं मोटारसायकलवर बसून घर बघायला निघायचे आणि संध्याकाळी उसाचा रस पिऊन रिकाम्या हातानं परत यायचे. एका घराला पाणी नसायचं, एकाचं तोंड दक्षिणेला, तर एकाच्या कागदावर चार भाऊ आणि चौघांची तोंडं चार दिशांना.

मग कुणीतरी धरणाच्या काठच्या कॉलनीचं नाव काढलं. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेल्या लोकांनी पाण्याच्या कडेला बांधलेली थोडीशी घरं. कमानीवर नाव भलतंच भारदस्त होतं, पण एसटीचे कंडक्टर ‘धुईची कॉलनी’ म्हणूनच तिकीट फाडायचे. हिवाळ्यात पाण्यावरून दाट धुकं, म्हणजे धुई, उठायची, ती आधी या घरांत शिरायची आणि जायची मात्र सगळ्यांच्या शेवटी. तुरीचा फुलोरा गळतो म्हणून शेतकरी तिला शिव्या घालायचे, कपडे वाळत नाहीत म्हणून कॉलनीतल्या बाया. ऊन निघायची वेळ झाली तरी समोरचा कडुनिंब दिसायचा नाही, नुसतं त्याच्या पानांवरून ठिबकणारं पाणी ऐकू यायचं.

विकायचं होतं ते द्वारकाबाईंचं घर सगळ्यात शेवटचं. मागच्या दारात तुळस, मग धुण्याचा दगड, मग उतारावर बेशरमीची झुडपं आणि खाली पाणीच पाणी. मिनाला घर बघताक्षणी आवडलं. आवडलं म्हणजे काय, डबे कुठल्या फळीवर मांडायचे तेसुद्धा तिनं मनात ठरवून टाकलं.

द्वारकाबाई पांढऱ्या केसांच्या, वाळक्या, एका गुडघ्यावर हात ठेवून चालणाऱ्या. नवरा जाऊन बराच काळ झालेला. आता लेक नांदेडला घेऊन जाणार होती. त्यांनी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही. एवढंच विचारलं, “लेकरं किती?”

ओमप्रकाश पंख्याकडे बघायला लागला.

“न्हाईत,” मिना म्हणाली. वेळ विचारल्यावर सांगावी तसं ते आता तिच्या तोंडून निघायचं.

“मग देते. लेकरावाल्याला मी हे घर देत न्हाई. दोघं-तिघं येऊन गेले, परत लावले.”

“काहून वो मावशी?”

“पानी हाय ना मागं.”

बोलणं बरोबरच होतं. ओमप्रकाशला भाव इतका बरा वाटला की त्यानं तिथंच इसार देऊन टाकला.

घर ताब्यात घ्यायच्या दिवशी दारात जीप उभी होती, लेक गाठोडी चढवत होती. द्वारकाबाईंनी मिनाला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि किल्ल्या तिच्या हातात न देता मुठीत धरूनच उभ्या राहिल्या.

“एक काम सांगू का पोरी? धुई पडली की मुन्नाची हाक येती. तेवढी ओ देत जा.”

मुन्ना त्यांचा मुलगा. फार वर्षांपूर्वी या मागच्या पाण्यात गेलेला. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि तो चौथीत होता. पौषातली सकाळ होती, हात दिसत नव्हता हाताला इतकी धुई. द्वारकाबाई भाकरी थापत होत्या.

“एकच हाक आली. ‘मायऽ’ म्हनून. आता धुईत, अंधारात एका हाकेला ओ द्यायची न्हाई, हे तर तुलाबी ठाव असंल. मान्साची असली तर दुसरी येतीच. ज्याला दुसरी मारता येत न्हाई ते मानूस नसतंय. सासूनं शिकवलेलं. म्हनून मी थांबले. भाकर उलथली आन थांबले.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “दुसरी आलीच न्हाई बाई.”

मिनाला ती रीत ठाऊक होती. तिच्या माहेरीही हेच शिकवलेलं. आपणही थांबलो असतो, हे तिच्या लगेच ध्यानात आलं.

“तवापासून धुई पडली की हाक येती. एकच. मी इतके वर्सं ओ देऊन राहिले, पन पान्यापासून वर म्हनून येत न्हाई. रुसलाय माज्यावर. रुसू दे. पन त्याला वाटू नये की घरी कोनी न्हाई.”

मिना विज्ञानाची बाई. दुःखाला कान फुटतात, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि “देईन मावशी, बिनघोर जा” असं तोंडानं म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला वाटेला लावताना माणूस काहीही कबूल करतो. द्वारकाबाईंनी मूठ उघडली.

घर लागलं. डबे फळीवर गेले, ओमप्रकाशनं दारावर पितळी अक्षरांत दोघांची नावं लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम बाहेर नेऊन दाखवली. दिवाळी झाली. मार्गशीर्षात एका सकाळी मिनानं मागचं दार उघडलं तर तुळससुद्धा दिसत नव्हती. दारातच पांढरं काहीतरी उभं असल्यासारखी धुई, आणि तिला ओल्या मातीचा वास.

दोघं चहा पीत होते. खालून, पाण्याच्या बाजूनं, हाक आली.

“मायऽ”

हाक घाबरलेली नव्हती. न्हाणीतून पोरानं टॉवेल मागावा, तशी होती.

मिनानं कप खाली ठेवला. गार हवेत पाण्यावरून आवाज लांब जातो, हे ती दरवर्षी फळ्यावर काढून शिकवायची. पलीकडच्या काठावरच्या गावातलं पोरगं असेल. बरोबर आहे. पण तिथलं पोरगं एकदाच हाक मारून गप्प कशाला बसेल?

“ओ देऊ नको,” ओमप्रकाश म्हणाला. दिवसभर गोळ्या-इंजेक्शनं विकणारा माणूस, पण आवाज खाली गेला होता त्याचा. त्या दिवशी तो मेडिकल उघडायला रोजच्यापेक्षा लवकर गेला.

पुढची धुई पडली तेव्हा मिना घरात एकटी होती. हाक आली. ती ओट्याशी उभी होती, हाताला कणीक. ओ द्यायची नाही असं तिनं ठरवलेलं होतं, पक्कं. पण तिला आयुष्यात कुणी माय म्हणून हाक मारली नव्हती. शाळेतली पोरं मॅडम म्हणायची, पुतणे काकू म्हणायचे, आणि दवाखान्यांच्या बाकांवर तर नुसतं नाव पुकारायचे. कळायच्या आत शब्द बाहेर पडले.

“व्हय रे बाळा.”

बाहेर काही झालं नाही. ठिबक चालू होती. मिना ओट्याला टेकून खूप रडली, आणि रडून झाल्यावर तिला कितीतरी बरं वाटलं.

त्यानंतरची हाक बेशरमीच्या झुडपांतून आली.

मिनानं कुणाला सांगितलं नाही. तिनं ओ दिली. पुढल्या धुईत हाक धुण्याच्या दगडापाशी होती, आणि दगडावर ओल होती, पण धुईत सगळंच ओलं असतं. ती धुईची वाट बघायला लागली. आभाळ आलं की तिचा जीव खालीवर व्हायचा, कारण आभाळ आलं की धुई पडत नाही. ‘औंदा तूर हाती लागत न्हाई’ म्हणून लोक कपाळाला हात लावायचे आणि ही मनातल्या मनात देवाचे आभार मानायची. धुईच्या सकाळी शाळेत उशिरा जायची. गुळाच्या दशम्या करायची, घरात गोड खाणारं कुणी नसताना.

ओमप्रकाश काही आंधळा नव्हता. एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाला, “मिना, घर इकून टाकू. गिऱ्हाइक हाय एक.”

“मी न्हाई जायची इथून.”

“येड लागलंय का तुला? ते काय हाय, कोन हाय, ठाव तरी हाय का?”

“ते मला माय म्हनतंय!” मिना ओरडली. “इतके वर्सं झाले, म्हनलं का कुनी? तुमी म्हननार हायत का?”

ओमप्रकाशचा घास हातातच राहिला. त्यालाही बाप कुणी म्हटलं नव्हतं, हे तिला त्या वेळी सुचलं नाही. तो ताटावरून उठला, हात धुतले, आणि पुन्हा घर विकायचं नाव त्यानं कधी काढलं नाही.

द्वारकाबाईंचा फोन यायचा. नांदेडला त्यांचा जीव लागत नव्हता. खिडकीतून गोदावरीकडं धुकं दिसलं की त्या लेकीला नंबर लावायला सांगायच्या. इकडचं तिकडचं बोलून मग हळूच विचारायच्या, “मुन्ना हाक मारतो का गं?”

“मारतो मावशी. मी देते ओ.”

“देवानं तुझं भलं करावं.”

पण हाक धुण्याच्या दगडापाशी आल्यावर मिनाची जीभ अडखळायला लागली. तो वर यायला लागला, हे सांगायचं कसं? म्हातारी पहिल्या गाडीनं येईल आणि त्याला घेऊन जाईल. हाक तुळशीपाशी आली त्या दिवशी फोन आला, आणि मिना म्हणाली, “आता येत न्हाई मावशी. बंद झाली.”



“बरं झालं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “सुटलं माजं लेकरू.” आणि त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. मिनानं फोन ठेवला. आपण काय केलं हे तिला पुरतं ठाऊक होतं. चोरीच होती ती, दुसरं नाव नव्हतं तिला. पण तिनं परत फोन लावला नाही.

पौषात द्वारकाबाई न सांगता आल्या. सकाळच्या पहिल्या एसटीनं, धुईतून चाचपडत, हातात फडक्यात बांधलेली दुरडी. ओमप्रकाश दुकानात गेलेला. मिनानं दार उघडलं आणि ती दारातच आडवी उभी राहिली.

“भिऊ नको पोरी, घर मागाया न्हाई आले,” त्या हसल्या. “मुन्ना सुटला म्हनलीस ना, म्हनून निवद घेऊन आले. पान्यावर सोडते आन दुपारच्या गाडीनं जाते.” लेकीनं येऊ दिलं नसतं, म्हणून त्या न सांगताच निघाल्या होत्या.

मिनानं त्यांना बसवलं. चहा टाकला. आज हाक येऊ नको देऊस, एवढंच ती मनात म्हणत होती. धुई विरायला लागली होती. थोडं ऊन निघालं असतं तर काम झालं असतं.

“मायऽ”

मागच्या दाराला लागूनच आली.

द्वारकाबाईंच्या हातातला पाण्याचा पेला खाली पडला. त्यांनी मिनाकडं पाहिलं. मिनानं मान खाली घातली. मग म्हातारी गुडघा विसरून उठली.

“व्हय रे माज्या राजा! हाय मी, हाय! आले!”

त्यांनी मागचं दार सताड उघडलं. पांढरी धुई उंबऱ्यापर्यंत आलेली. त्यात कुणी दिसत नव्हतं.

“मुन्ना! चुकले रे मी. तवाच ओ द्याया पाह्यजे व्हती. ये, घरात ये.”

बाहेर गप्प होतं.

“रुसू नको रे बाबा. बघ, तुझी माय आली.”

ठिबक ऐकू येत होती. मिना ओट्यापाशी उभी होती, चहा उतू जात होता आणि तिला गॅस बंद करायचं सुचत नव्हतं.

मग अगदी जवळून, उंबऱ्यातून, बुजऱ्या पोरानं परक्या माणसासमोर विचारावं तसं हळूच कुणीतरी बोललं.

“माय, ह्या आज्जी कोन हायत?”

ते मिनाला विचारलेलं होतं.

द्वारकाबाई वळल्या. त्यांच्या तोंडाकडं मिनाला बघवेना. सांगावं का, हीच तुझी माय म्हणून? तोंडात आलं होतं. सांगितलं असतं तर तो गेला असता. मिना बोलली नाही.

 मग द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले, डोक्यावरून घेतला आणि उंबऱ्याकडं बघून, शेजारच्या लेकराशी बोलावं तसं बोलल्या.

“कोनी न्हाई बाबा. धुईत घर चुकले मी.”

दुरडी तिथंच ठेवून त्या पुढच्या दाराकडं निघाल्या. मिना मागोमाग दारापर्यंत गेली. त्यांना धरावं, पाया पडावं, काहीतरी म्हणावं, असं तिच्या मनात होतं. बाहेरच्या ओट्यावर द्वारकाबाई भिंतीला हात लावून चपला शोधत होत्या. एक पायात गेली होती, दुसरी सापडत नव्हती.

“मावशी,” मिना म्हणाली.

तिच्या पाठीमागून, घरातून, आवाज आला.

“दार लाव ना माय. थंडी येऊन राहिली.”

द्वारकाबाईंनी ते ऐकलं. त्यांनी वर पाहिलं.

मिनानं दार लावलं.