उलटतपास अर्धा असताना

चिखल थेट माझ्या पांढऱ्या साडीच्या निऱ्यांवर उडाला आणि मोटरसायकल थोडी पुढे जाऊन थांबली.

भाद्रपदातली सकाळ होती. पाऊस नुसता भुरभुरत होता आणि मला कोर्टात वेळेवर पोचायचं होतं. मी तोंड उघडणारच होते — आणि मी तोंड उघडलं की देवणी गावात लोक रस्ता बदलतात — पण तो माणूस स्वतःच पळत आला. उंच, ओलाचिंब, चष्म्यावर थेंब.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "घाईत होतो. आयुष्यात पहिल्यांदा साक्षीला चाललो... लई धास्ती वाटायली." मग त्याचं लक्ष माझ्या हातातल्या काळ्या कोटाकडे गेलं. "तुम्ही वकील हाव ना? मग सांगा की, साक्षीत काय करायचं असतं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हणाले, "खरं तेवढं सांगा. नसेल माहीत तर माहीत नाही म्हणा."

"एवढं सोपं असतंय?"

"खरं बोलणाऱ्याला सोपंच असतं."

त्याने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे जरुरीपेक्षा जास्त वेळ बघितलं. "मग तुमच्यासमोर कुणी खोटं बोलायची हिंमत करत नसंल," म्हणाला आणि हसला. मी पुढे निघाले. साडी खराब झाली होती, उशीर झाला होता, आणि तरी मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. एकतीस वर्षांची घोडी, गावातली पहिली बाई वकील, आणि छातीत ही धडधड!

तासाभराने शिपायाने पुकारा केला आणि पिंजऱ्यात तोच माणूस येऊन उभा राहिला. डॉक्टर अमरनाथ. मूळचा उदगीरचा, आमच्या जनावरांच्या दवाखान्यात नवीन आलेला... आणि माझ्या विरुद्ध बाजूचा साक्षीदार!

दावा बैलाचा होता. रुक्मिणबाई नावाची विधवा माझी अशील. तिच्या गाईच्या पोटचा गोऱ्हा, देवणी जातीचा, बघत राहावा असा. शेजारचा दगडोबा म्हणत होता, तो माझा, चुकून हिच्या दावणीला गेला. पुरावा म्हणून त्याने डॉक्टरचा दाखला आणला होता, आपला बैल तपासून घेतल्याचा, रंगाचं आणि दातांचं वर्णन असलेला. बैल गेला असता तर रुक्मिणबाईची शेतीच बसली असती.

आणि मी, शहाणी, समोरच्याच साक्षीदाराला रस्त्यात उपदेश करून बसले होते. मी बोलले त्यात खटल्याचं काही नव्हतं. पण दगडोबाचे वकील शिवमूर्तीसाहेब म्हणजे मुरलेलं लोणचं, त्यांनी एवढ्यावरून साक्षीदार फोडला म्हणून बोभाटा केला असता. बाईमाणसाला वकिली जमत नसते, असं म्हणणारे लोक आता कुठे आपल्या लेकी-सुना माझ्या टेबलाशी पाठवायला लागले होते. माझं नाव गेलं असतं तर त्या बायकांनी जायचं कुठे?

मी उलटतपास सुरू केला. बैल तुम्ही स्वतः तपासला का? दात मोजले का? तो प्रत्येक उत्तर तोलून देत होता आणि मध्येच ओठांच्या कोपऱ्यात हसत होता. निम्म्यातच वेळ संपली, पुढची तारीख पडली. न्यायाधीशांनी त्याला बजावलं की उलटतपास पुरा होईपर्यंत या खटल्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही. मी तो नियम आणखी ताणला. खटल्याबद्दलच काय, पावसाबद्दलही त्याच्याशी बोलायचं नाही, असं मी ठरवलं.

ठरवणं सोपं असतं. देवणी केवढीशी! दूध आणायला जावं तर हा, बँकेत जावं तर हा. समोरून यायचा, थांबायचा, माझ्या चेहऱ्याकडे बघायचा... मी मान फिरवून चालू लागायचे आणि मागून चक्क हसणं ऐकू यायचं.

त्यात आमची गाय आजारी पडली. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या अंगावरून वारं गेल्यापासून घर माझ्याकडे. धाकटा भाऊ नांदेडला शिकतो, त्याचंही मीच बघते. पण गाय आईची, म्हणजे अव्वाची. तिने मला न विचारता डॉक्टरला फोन केला. मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं, फट तेवढी राहू दिली.

त्याने गाय तपासली, सुई दिली, आणि मग गाईच्या पाठीवरून हात फिरवत चांगला मोठ्याने म्हणाला, "अव्वा, हिला सांगा, इतकं आतल्या आत ठेवायचं नसतंय. बोलावं माणसानं. न्हाईतर पोट फुगतंय."

"गाय कशी बोलंल, डॉक्टर?" अव्वा म्हणाली.

"काही काही लई हट्टी असतात. पण डोळ्यांत दिसतंय."

मी तोंडात पदराचा बोळा कोंबून हसले. मग बशीत लाडू ठेवून बशी दाराबाहेर सरकवली आणि दार लावून घेतलं. लाडू देणं म्हणजे बोलणं नव्हे, कायद्यात तसं कुठेही लिहिलेलं नाही. त्यानंतर गाईला बरं व्हायला फार दिवस लागले. तो येतच राहिला, अप्पांशी उदगीरच्या बाजाराच्या गप्पा मारत बसायचा, त्यांचा लुळा हात चोळून द्यायचा, आणि माझ्या दाराकडे बघत उठायचा.

मी त्याच्या प्रेमात पडले होते. पडून चालणार नव्हतं, तरी पडले होते. लातूरच्या एका मोठ्या आडत दुकानदाराचं स्थळ मला सांगून आलं होतं. वकिली सोडा, लातूरला या, राणीसारखं राहा, असा त्यांचा निरोप. मी आधीच्या सगळ्या स्थळांना सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं होतं: मी देवणी सोडणार नाही. आणि जो मला हवा होता तो सरकारी नोकर. अव्वाने एका संध्याकाळी सहज सांगितलं, डॉक्टरची बदली झाली, किनवटला. तिकडे जंगलात, पार नांदेड जिल्ह्याच्या टोकाला. मी भाकरी थापत होते, ती तव्यावर करपून गेली.

तारखेच्या दिवशी रुक्मिणबाई बैलाला घेऊन आली. पांढरंशुभ्र अंग, तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळा रंग, कासऱ्याला हिसका देत उभा. मी न्यायाधीशांची परवानगी घेतली, सगळे बाहेर आले, आणि मी विचारलं, "तुम्ही तपासलेला बैल हाच का?"

जबड्यात हात घालण्याआधी त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. दाखल्यात चार दाती, म्हणजे चार पक्के दात आलेला, असं लिहिलंय हे मला पाठ होतं. हा गोऱ्हा दोन दातांचा होता. पण लिहिताना चूक झाली, एवढं म्हणून त्याला दगडोबाला सांभाळून घेता आलं असतं, आणि मला ते खोडून काढता आलं नसतं.

"हा तो नव्हे," तो म्हणाला. "मला दाखवलेला चार दाती होता. त्याला सहा महिने झाले. जनावराचे दात वाढतात, माघारी जात न्हाईत."

रुक्मिणबाईने बैलाच्या गळ्यात हातच टाकले. माझंही मन हवेत तरंगायला लागलं होतं... तेवढ्यात शिवमूर्तीसाहेब पुढे झाले. सगळे परत आत गेल्यावर त्यांनी कोर्टाची परवानगी घेतली आणि साक्षीदाराला विचारलं, "या मॅडमशी तुमचं कधी बोलणं झालं आहे?"

मी समोरचे कागद उगीच सरळ करायला लागले.

"झालंय," तो म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. चिखल, साडी, त्याची धास्ती. "यांचा खटला हाय हे मला माहीत नव्हतं, मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणाल्या, खरं तेवढं सांगा. मी सांगितलं."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर एक शब्द न्हाई, साहेब. मी लई वाट बघितली."

"कशाची वाट?" न्यायाधीशांनीच विचारलं.

"यांनी बोलायची. शपथेवर हाय म्हणून सांगतो, यांच्याबिगर मला करमत न्हाई."

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी मान खाली घातली आणि टायपिस्टला शेवटचं वाक्य घेऊ नका म्हणून सांगितलं. शिवमूर्तीसाहेब खाली बसले, माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "पोरी, मला आणखी काही विचारायचं न्हाई. आता तुझं तू बघ."

पुढे निकाल रुक्मिणबाईच्या बाजूने लागला. पण त्या दिवशी मला निकालाची शुद्ध कुठली! मी बाहेर आले तर तो लिंबाखाली उभा होता.

"साक्ष संपली," तो म्हणाला. "आता बोलायला हरकत न्हाई ना?"

दिवसभर मी दुसऱ्यांच्या वतीने बोलते, आता स्वतःच्या वतीने बोलायचं होतं. मग जे सगळ्यात अवघड तेच आधी बोलून टाकलं. "मी देवणी सोडणार नाही. अप्पा आहेत, अव्वा आहे, माझ्या टेबलाशी येणाऱ्या बायका आहेत. तुम्ही किनवटला चाललात. तेव्हा... उगीच काही विचारू नका."

"सोडा म्हणून कोण म्हणालं?" तो जवळ आला. "माझी तर बदली होतच राहणार, आज किनवट, उद्या आणखी कुठं. म्हणून तर घर एका जागी पाहिजे. ते देवणीत करू. सुट्टी मिळंल तसा मी येत जाईन, आणि नंतर इकडं बदली मागत राहीन. पण तुम्हाला हलवायचं न्हाई. हे मी माझ्या अव्वाला सांगून, तिचा होकार घेऊन आलोय."

"लोक घरजावई म्हणतील."

"जनावरांच्या डॉक्टरला लोक याच्याहून वाईट म्हणतात." मग त्याचं हसणं थांबलं. "माझी पण एक अट हाय. भांडा, रागवा, काय बी करा... पण पुन्हा असं गप्प बसू नका. मला सहन झालं न्हाई."

"मला झालं असेल?" मी म्हणाले, आणि बांध फुटला. दाराची फट, हसण्यामुळे तोंडात कोंबलेला पदर, करपलेली भाकरी, बदलीचं ऐकून रात्री आलेलं रडू — सगळं एका दमात. तुम्ही मला आवडता, हे मी तीनदा तरी म्हणाले असेन. त्याने माझा हात धरला होता आणि आख्ख्या कोर्टाच्या व्हरांड्यातून माणसं बघत होती, बघेनात का!

कासरा धरून थांबलेली रुक्मिणबाई शेवटी कंटाळली.

"वकीलबाई," ती म्हणाली, "मी बैल घेऊन पुढं व्हते. तुमचं लई दिसाचं साचलंय, ते काय आज उरकत न्हाई."