बिब्ब्याचा डाग

एकाच दुपारी, एकाच वाटेवर शाल्मलीच्या आणि तिच्या आबांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. आबांनी सुईला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला आणि त्याचं गरम तेल आधी नातीच्या टाचेला, मग स्वतःच्या अंगठ्याखाली टेकवलं. दोघांच्या तळव्यावर काळाकुट्ट डाग उमटला. शाल्मलीचा डाग पावसाळ्याआधीच पार निघून गेला. आबांचा मात्र दिवाळी आली तरी तिथंच होता. बिब्बा एक, दिवा एक, हातही एकच. मग डागांची गत वेगळी का झाली?

हे कोडं शाल्मलीला तेव्हाच पडलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं, आणि आता तेच तिला पुन्हा पुन्हा आठवत होतं.

शाल्मलीचं मापारी घराणं लोणारचं. तिथं मोठं विवर (आकाशातून आलेला दगड आदळून झालेला खड्डा) आहे. चंद्रावर जाणाऱ्या यंत्रमानवांना त्या विवरातल्या दगडांवर शिकवायचं काम तेव्हा सुरू होतं, आणि भूशास्त्रज्ञ (दगडमातीचा अभ्यास करणारे) भानुदास मापारी, म्हणजे आबा, त्यांचे मास्तर होते. मास्तर भारी हट्टी. सगळे जाडजूड बूट घालून विवरात उतरायचे, हे अनवाणी. "पायाले दगड कळते. बुटाले काय कळते?" असं वर ऐकवायचे.

त्यांचा लाडका विद्यार्थी निरखू. बकरीएवढा, सहा चाकांचा, लांब मानेवर एकच डोळा. एखादी जागा रोज पाहायची, जुन्या चित्राशी ताडायची आणि बदल दिसला की पाठीवरचं लाल निशाण वर करायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. संध्याकाळी तो आबांच्या ओट्यासमोर वीज भरून घेत उभा राही. आबा ओट्यावर पाय पसरून पडलेले असत. शेजारी शाल्मलीही तशीच. त्यामुळे दोघांचे तळवे निरखूला रोजच दिसत.

श्रावणात एकदा त्यानं अचानक निशाण वर केलं. "जागा बदलत आहे," तो म्हणाला. त्याचा डोळा आबांच्या पायावर खिळला होता.

सगळं घर खो खो हसलं. "माझ्या पायाले दगड समजते हे येडं!" आबांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "शाले, सांग त्याले, दगड सोडून काई पाहू नको म्हणा."

शाल्मलीनं तशी आज्ञा दिली. निशाण खाली आलं.

पुढे डागातून रक्त येऊ लागलं. काट्याचं टोक आत राहिलंय, असं ठरवून आबांनी त्यावर पुन्हा बिब्बा दिला. कातडी पोळली, सगळं पुन्हा काळं झालं आणि त्या काळ्याखाली काय वाढतंय ते कुणालाच दिसेना. जांघेत गाठ आली तेव्हा कुठे आबा नागपूरला दवाखान्यात गेले. तिथं बायॉप्सी (छोटा तुकडा काढून केलेली तपासणी) झाली. तो मेलॅनोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग) होता, आणि तो पायातून जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. पायाचा पुढचा भाग काढावा लागणार होता. एवढ्यानं भागेल का, हे डॉक्टरबाई सांगू शकत नव्हत्या.

ऑपरेशनला जायच्या आदल्या दुपारी शाल्मली निरखूपाशी जाऊन बसली. "मला आमच्या दोघांच्या पायांची चित्रं दाखव," ती म्हणाली. दवाखान्यातून मिळालेली माहितीपुस्तिका तिनं त्याला आधीच वाचायला दिली होती. निरखूनं डोळ्यातून समोरच्या भिंतीवर चित्रं पाडली.

"हा तुझा डाग. बिब्ब्याचा रंग कातडीच्या वरच्या थरात बसतो. तो थर मेलेल्या पेशींचा असतो. खालून नव्या पेशी वर येतात, जुन्या झडतात. तळव्याची कातडी जाड असते, म्हणून थोडा जास्त वेळ लागतो. पण वरचा थर गेला की डागही जातो."

"आणि आबांचा?"

"रंग बनवणाऱ्या पेशी खालच्या थरात राहतात. त्या बिघडल्या की काळा रंग खालूनच येत राहतो. वरचं कितीही झडलं तरी डाग जात नाही. तो वाढतो."

म्हणजे दोन डाग एकसारखे कधी नव्हतेच! एक वरून लागलेला, दुसरा आतून उगवलेला. आबांचा बहुधा काट्याच्या आधीपासूनच तिथं असावा. बिब्ब्यानं त्याला फक्त लपायला जागा दिली. कोडं सुटलं, आणि शाल्मलीला हुंदका फुटला. इतकं सोपं होतं!

"कशावरून ओळखलंस?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"दगडातला बदल ओळखतो तसंच. एक अर्धा भाग दुसऱ्यासारखा नव्हता. कड फाटल्यासारखी होती. कुठे काळा, कुठे तपकिरी, कुठे निळसर रंग होता. पेन्सिलीच्या मागच्या रबरापेक्षा तो मोठा झाला होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो बदलत होता. मी निशाण वर केलं होतं."

"माहीत आहे रे," ती ओरडली. "मीच खाली करायला लावलं!"

मागून काठी वाजली. आबा लंगडत आले आणि कण्हत तिच्याशेजारी टेकले. या महिन्यात ते एकदम म्हातारे दिसू लागले होते.

"तू नाई व, मी," ते म्हणाले. "सावळ्या माणसाले असं काई होत नाही, हे मी धरून बसलो होतो. डॉक्टरीणबाई म्हणे, आपल्यात कमी होते, पण झालं तर बरेचदा तळव्याले, तळहाताले, नाहीतर नखाखाली काळी रेघ होऊन. म्हणजे कोणी पाहत नाही तिथंच. चंद्राचे फोटो भिंगातून पाहिले मी जन्मभर. माझ्या पायाखाली काय चाललं, ते पाहिलं नाही."

"तुम्ही बरे व्हाल ना, आबा?"

आबांनी खोटं सांगितलं नाही. "मले भ्या वाटते," ते म्हणाले. शाल्मलीनं त्यांना असं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

मग आबांनी नाक पुसलं. "एक औषध हाय म्हणते. ते शरीरातल्या पहारेकऱ्यायले चोर ओळखायले शिकवते. काही लोकायले लागू पडते, काहीयले नाही. आपण पाहू." त्यांनी निरखूकडे मान वळवली. "पण याची आज्ञा बदल आधी. दगडही पाहा म्हणा, माणसंही पाहा. न भरणारी जखम पाहा, बदलणारा तीळ पाहा. गावातल्या एकेकाचा पाय पाहा म्हणा. अन् निशाण दिसलं का त्यानं घरी बिब्बा लावत बसू नये, सरळ डॉक्टरकडे जावं."

शाल्मलीनं आज्ञा दिली. निरखूची मान हलली. आधी त्यानं तिचे तळवे निरखले. टाचेवर बिब्ब्याची खूणसुद्धा उरली नव्हती. निशाण हललं नाही.

"थांब," आबा म्हणाले. त्यांनी पायाची पट्टी सोडली आणि पाय पुढे केला.

निशाण ताडकन वर गेलं. "जागा बदलत आहे. जागा बदलत आहे."

"हो बाबा," आबा हळूच म्हणाले, "बरोबर हाय तुझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नागपूरला निघाली, तेव्हाही ते निशाण ओट्यासमोर वरच होतं. शेजारची दोन माणसं चपला काढून, तळवे दाखवायला निरखूपुढे ओट्यावर बसली होती. या वेळी निशाण खाली करा, असं कुणी म्हणालं नाही.