पट्ट्यातली मूठ

वेदांगला गोष्टी रचता येत नाहीत. त्याची आई, क्षमाताई, सांगतात, "शाळेला दांडी मारायचा, पण साधं कारण सुचायचं नाही याला."

म्हणून हे घडलं तसंच आहे.

गेल्या जानेवारीतली संध्याकाळ. जबलपूरजवळचा तिलवाऱ्याचा पूल.

पुलावर कॉलेजच्या पोरी बसल्या होत्या. त्यांच्यातली दीप्ती आदल्या दिवशी तिथेच रेतीच्या डंपरखाली सापडून गेली होती. ड्रायव्हर पळाला. त्याला पकडा, मगच उठू, म्हणत होत्या.

समोर वेदांगची तुकडी. मोर्चे आवरायला ठेवलेली पोलिसांची खास तुकडी. हेल्मेट, ढाल, काठी.

आणि पोरींच्या पहिल्या रांगेत... शिवांगी. वेदांगची सख्खी बहीण.

"दादा, काहून उभा राहिला आमच्यासमोर?" ती तिथूनच ओरडली. "आईला काय सांगशील घरी जाऊन?"

मागून त्याचा जोडीदार सूर्यकांत खिदळला. "सांग ना बे, दीदी विचारून राहिली."

थांबा. आधी पट्ट्याचं सांगायला हवं.

पुढचा जवान दोन्ही हातांनी ढाल धरतो. गर्दी ढाल पकडून त्याला आत ओढते. म्हणून मागचा जोडीदार त्याच्या कमरपट्ट्यात मूठ घालून उभा राहतो. काही झालं तरी सोडायची नाही. वेदांगच्या पट्ट्यात कायम सूर्यकांतची मूठ. जाड, घामट.

वेदांग मनात एकच घोकत होता... हुकूम येऊ नये. आला, तर त्याची ढाल सरळ शिवांगीच्या तोंडावर जाणार होती.

उजेड उतरला. कुठूनतरी दगड आला.

"आई गं!"

सूर्यकांतची मूठ सुटली. त्याला उचलून नेलं.

वेदांगची पाठ उघडी पडली.

मग...

पट्ट्यात मूठ आली.

त्याला वाटलं, दुसरा जोडीदार आला. पण ही मूठ लहान होती. बारीक बोटं. गार... वर्दीतून आत उतरणारी.

"कौन है?"

मागे बुटांची चाहूल नाही. श्वाससुद्धा नाही.

"आगे बढ़ो!"

रांग निघाली. बूट दणाणले. वेदांगने पाय उचलला आणि...

जागेवरच.

नोकरीची भीती होती. त्याने जोर लावला. खरंच लावला. पट्टा पोटात रुतला.

दोन्ही बाजूंनी जवान पुढे गेले. किंचाळ्या, चपला, पळापळ. फक्त वेदांगच्या समोरची जागा तशीच राहिली. तिथे शिवांगी. अंगावर ओरखडा नाही.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"दीप्ती..."

वेदांगने मान वळवली.

मागे रिकामा पूल. खाली नर्मदेचं पाणी.

पट्टा अजून ताणलेला.

चौकशी झाली. हुकूम का मोडला? साहेबांनी व्हिडिओ लावला. त्यात वेदांग मागे कललेला दिसतो. पडायला हवा इतका. पडत नाही. साहेबांनी मोबाइल उलटा ठेवला. "चलो, ड्यूटी पर जाओ."

सूर्यकांत टाके घेऊन परतला. सवयीने त्याने पट्ट्यात हात घातला... आणि झटकन काढला.

"वेदू, कोणीतरी आधीच धरून राहिलंय बे."

क्षमाताईंनी दीप्तीच्या नावाने घाटावर दिवा सोडला. पोरीनं माझी पोरगी वाचवली, म्हणाल्या. वेदांगलाही तेच वाटलं.

मागच्या आठवड्यापर्यंत.

मागच्या आठवड्यात डंपरवाल्यांचं धरणं होतं. शांत. माणसं चहा पीत बसली होती. हुकूम आलाच नव्हता.

रांगेतून एकटा वेदांग पुढे गेला. धावत. ढाल समोर धरून.

त्यातला एक ड्रायव्हर अजून शुद्धीवर नाही.

"मी नाही गेलो गं," तो शिवांगीला सांगत होता. "मला ढकललं."

शिवांगीने विचारलं, "दादा... तो तोच होता का?"

वेदांगला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. त्या दिवशी डंपर कोण चालवत होतं, ते कधी कळलंच नाही.

उद्या जबलपूरच्याच गोरखपूर भागात कसलातरी मोर्चा आहे. कोण कोण येणार, त्यात डंपरवाले आहेत का, वेदांग सकाळपासून विचारत फिरतोय.

नीट कुणी सांगत नाही.