बाराव्या फायबरची रेघ

एका पट्टीत शेजारी-शेजारी बारा फायबर, म्हणजे केसासारखे काचेचे तंतू, समोर बारा लेसर. बाराही वाटांनी माहिती एकदमच धावते. त्यांची ही जोडणी स्वस्तात करायचं काम आमच्या विभागाकडे होतं, आणि महाग पडत होते ते हात. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक फायबर जरा-जरा सरकवायचं, पडद्यावर त्याच्या उजेडाची रेघ वर चढली की जांभळ्या दिव्याखाली गोंद पक्का करायचा.

माझ्या बायकोचा हात त्यात बसलेला. आधी रेघ थरथरायची. मग ती श्वास रोखायची आणि रेघ सरळ व्हायची. फार तर अकरा सेकंद. तेवढ्यात मी दिवा लावायचो. "अहो, लावत जा लवकर, डोळे पांढरे होतात माझे," ती नंतर हसत म्हणायची.

ती जाऊन चार महिने झाले. आता हातांऐवजी बारा खाचांचा प्लास्टिकचा तुकडा आहे. फायबर खाचेत ठेवलं की झालं. पण अकरा लागायची, बारावं अंधारं राहायचं. साहेब म्हणाले, "काका, मंगळवारी जमलं नाही तर विभागाला कुलूप."

मंगळवारी सकाळीही अकराच लागली. मी हात मागे घेतले.

बारावी रेघ वर चढू लागली. थरथरत.

मी टेबल तपासलं. पंखा बंद केला. खाचेजवळ कोणीच नव्हतं.

रेघ सरळ झाली.

मी मोजू लागलो. नऊ. दहा. अकरा.

दिव्याच्या बटणावर माझं बोट होतं. गोंद पक्का झाला की तिचं काम संपणार होतं. मी दाबलं नाही.

"काका, लावा की दिवा! मुहूर्त काढायचाय का?" साहेब दारातून ओरडले.

वीस. तीस. एवढा वेळ तिने कधीच श्वास रोखला नव्हता. चाळिसाला मला राहवेना. मी बटण दाबलं.

बाराही पास झाली. विभाग वाचला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. लेसर मी स्वतः बंद केले. अकरा रेघा शून्यावर आल्या. साहेब पट्टीसकट तुकडा डबीत घालून गिऱ्हाइकाला दाखवायला घेऊन गेले.

"झालं गं," मी हळूच म्हणालो. "सोड आता."

आज शुक्रवार. टेबलावर पट्टी नाही, तुकडा नाही. पडद्यावर बारावी रेघ अजून वर, सरळ आहे. मंगळवारपासून एकदाही थरथरलेली नाही.