पल्याडचा मोह

मी आणि इंद्रकुमार गोंदियात एका भाड्याच्या खोलीत बसून कोड लिहितो. त्या एप्रिलमध्ये आम्ही एक लायब्ररी बनवत होतो, म्हणजे इतर प्रोग्रामरांना आपल्या कामात जोडून घेता येईल असा तयार कोड. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा, असं साध्या मजकुरात लिहायचं. लायब्ररी ते वाचते आणि आकृती काढून देते. चाचणीसाठी मी आमच्याच भागातले रस्ते लिहिले होते. कामठा ते गोंदिया, गोंदिया ते तिरोडा, तिरोडा ते बोदलकसा.

आकृतीत एक बिंदू जास्त आला. बोदलकशाला जोडलेला, बिननावाचा.

फाइल ओळन् ओळ तपासली. असा बिंदू मी लिहिलाच नव्हता. इंद्रकुमारने स्वतःच्या मशीनवर तीच फाइल नव्याने टाइप केली. तिथेही तोच.

"कोड तर बरोबर वाचून राहिला," तो म्हणाला. "मग हा आला कहाँ से?"

तेवढ्यात आईचा फोन आला. माझं माहेर बोदलकशाच्या तलावाजवळ. माझ्या बाबांना, केशोरावांना, वर्षभरापासून माणसं ओळखू येत नव्हती. मी गेले तरी ते मला पाहुणी समजून पाणी विचारायचे. सकाळी ते घरातून निघाले होते, ते परतलेच नव्हते.

"बस स्टँड पाह्यला, कालवा पाह्यला, वावरं पाह्यली," आई म्हणाली. "ऊन किती हाये वं डिंपल. कोठी गेले असतीन?"

मी फोन ठेवला तेव्हा इंद्रकुमार स्क्रीनकडे बोट दाखवत होता.

बिंदूला नाव आलं होतं. पल्याडचा मोह.

हे नाव आमच्या गावाबाहेर कोणी घेत नाही. तलावाच्या जंगलाकडच्या काठावर ते एकटं मोहाचं झाड आहे. जुनी वाट पाण्याखाली गेल्यापासून तिकडे कोणी फिरकत नाही.

इंद्रकुमारने गाडीची किल्ली उचलली.

काठाकाठाने, काट्यांतून आम्ही चालत गेलो. मोहफुलांचा गोड, जड वास होता. एकही पाखरू ओरडत नव्हतं.

बाबा झाडाला टेकून बसले होते. पाय मुरगळून सुजलेला. ओठ मात्र कोरडे नव्हते.

मला रडू फुटलं.

"कायले रडून रायली वं डिंपल?"

वर्षभराने त्यांच्या तोंडून माझं नाव आलं होतं.

"बाबा, एकटेच बसलात इथं?"

"एकटा काऊन? ते बाई होती ना. पाणी पाजलन तिनं. म्हणे, पोरगी येऊन रायली, हालू नोको."

आसपास कोणी नव्हतं. भांडंही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलेलं नाही. संध्याकाळी बाबा पोटभर जेवले आणि वरणात मीठ कमी म्हणून आईशी भांडले. आई पदराआड हसत होती, रडत होती. गोंदियाला परतलेल्या इंद्रकुमारचा फोन आला. कोडला हात न लावता आकृती बरोबर आली होती. जास्तीचा बिंदू गेला होता.

मी बाबांचा शर्ट धुवायला घेतला. पाण्यात घालण्याआधीच छातीवर एक बटण नवं दिसलं.

"हे तू लावलंस, आई?"

"नाही वं. सकारी बटनच नव्हतं तेथी."

धागा नव्हता. एक लांब केस होता, बटणाच्या चारही भोकांतून नीट ओवलेला.

तो अजून ओला होता.