तिसऱ्या पाळीची झोप

हे खरं घडलेलं आहे. पटलं तर ठेवा, नाही पटलं तर सोडून द्या. मी कुणासमोर शपथा घ्यायला बसलेलो नाही.

अशा गोष्टींत बहुतेक वेळा अमावस्या असते, सामसूम रस्ता असतो. इथे तसलं काही नाही. भोसरी, एमआयडीसीच्या मागची गल्ली. मे २०२३ मधला मंगळवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

आणि सुमनताई आपल्या नव्या थिएटरात टाळी वाजवायला गेली...

सुमनताई माझी सख्खी आत्या. अख्खी गल्ली तिला सुमनताई म्हणते, म्हणून मीही तसंच लिहितो. बाई साठीची, पण तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही. नवरा गेल्यावर मागच्या खोल्या कंपनीतल्या पोरांना कॉट बेसिसवर देऊन तिनं संसार ओढला. कॉट बेसिस म्हणजे खोली मिळत नाही, फक्त खाट मिळते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत तर एकच खाट, आणि तिच्यावर तीन माणसं. तिसऱ्या पाळीचा भैरू सकाळी आठला येऊन दुपारी चारपर्यंत झोपायचा. तो उठला की पहिल्या पाळीचा नवनाथ आडवा व्हायचा, तो रात्री बारापर्यंत. मग दुसऱ्या पाळीचा गणराज.

ती खाट कधी गार पडायचीच नाही.

तिघांचे डबे तीन वेळेला. त्यामुळे सुमनताईनं उभ्या आयुष्यात एक पिक्चर सलग पाहिला नव्हता. हिरोहिरॉइनचं भांडण रंगात आलं की दारात कुणीतरी, "मावशी, डबा." डबा देऊन परत यावं, तर त्यांना दोन पोरं झालेली!

लॉकडाऊनमध्ये पोरं गावाकडं गेली ती गेलीच. खोली रिकामी पडली. तिचा मुलगा प्रज्वल म्हणाला, "आई, तिथं सामान ठेवू."

"सामान तुझ्या डोक्यावर ठेव," सुमनताई म्हणाली. "तिथं माझं थेटर व्हणार. शेवटच्या पाटीपर्यंत पिक्चर बघणार हाय मी."

प्रज्वल हसला. झालं. हसला म्हणून तिनं सुतारसुद्धा बोलावला नाही.

मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तिनं सगळं स्वतः केलं. भिंतींना पट्ट्या ठोकल्या, मधे आवाज अडवणारं ग्लासवूल भरलं, वरून प्लाय मारला. ग्लासवूलनं आठ दिवस अंगभर खाज सुटली, तरी मागे हटली नाही. खिडकी बंद केली. छताला काळा रंग दिला, दाराच्या कडेनं रबराची पट्टी लावली. खाली गालिचा, समोर पडदा, वर प्रोजेक्टर. बसायला एक मागे कलणारी खुर्ची.

एकच. मुद्दाम.

व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, खोली तयार झाली की मधोमध उभं राहून टाळी वाजवा. आवाज घुमला नाही म्हणजे काम चोख.

त्या मंगळवारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिनं दार लावलं. मिट्ट काळोख. बाहेरच्या वर्कशॉपमधली ग्राइंडरची घरघर चाकूनं कापावी तशी थांबली.

तिनं टाळी वाजवली.

आवाज घुमला नाही.

पण काळोखातून कुणीतरी हळूच म्हणालं...

"श्श्श..."

सुमनताई जागची हलली नाही. पंख्याचा आवाज असेल, असं तिला वाटलं. मग आठवलं, पंखा तिनं कालच काढला होता.

तिनं मोबाइलचा उजेड पाडला. खुर्ची मागे कलली होती, पूर्ण आडवी. गालिच्यावर जाड बुटांचे दोन ठसे होते. आत येणारे होते... बाहेर जाणारे नव्हते. आणि वास येत होता, मशीनच्या कूलंटचा, तेलकट, आंबूस. तो वास तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

"कोण हाय रं?" ती खेकसली.

टक्. टक्.

स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीवर दोनदा. त्या भिंतीत आता चार बोटं जाड ग्लासवूल होतं. तिच्यातून आवाज येणं शक्यच नव्हतं.

पण आला.



त्या दोन टकटकी तिनं चार वर्षं ऐकल्या होत्या. भैरू परभणीकडचा, चाकणच्या एका कंपनीत कायम रात्रपाळीला. दिवसा झोप लागली नाही की भिंतीवर दोनदा वाजवायचा. म्हणजे, मावशी, आवाज जरा कमी करा. ती कधी करायची, कधी नाही करायची. लॉकडाऊनच्या आधी एका दुपारी डोकं फिरलेलं असताना तिनं उलट मिक्सर आणखी दोन मिनिटं चालू ठेवला, टीव्ही मोठा केला आणि ओरडली, "ज्याला झोपायचंय तो ढोलताशातबी झोपतो!"

भिंत गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरून परत येताना मोशीजवळ भैरूला गाडीवर डुलकी लागली. तो खाटेपर्यंत पोचलाच नाही.

हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला आणि प्रज्वलला सांगितलं. बोलताना रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बघ की रं. काळोख, आवाज न्हाई. त्या पोराला पायजे हुती तशीच खोली मी माझ्या हातानं बांधली."

प्रज्वल म्हणाला, "आई, खोलीला कुलूप लाव. शांती करून घेऊ."

"कुलूप?" ती उसळली. "तीस वर्षं मी लोकांच्या पाळ्यांवर उठले, लोकांच्या पाळ्यांवर निजले. आता एक खोली माझी झाली, तर तीबी सोडू? न्हाई सोडणार!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती एकटी आत गेली. प्रज्वल आणि मी दाराबाहेर कान लावून उभे होतो. दार थोडं उघडं ठेवलं होतं, म्हणून ऐकू आलं.

"भैरू, ऐक. त्या दिवशी माझं चुकलं. लई चुकलं. झोप तू. आठ ते चार तुझी पाळी, म्या मिक्सरला हातबी लावणार न्हाई. पण चारनंतर खोली माझी. एक मिनिट जास्ती चालणार न्हाई, सांगून ठेवते!"



मग... टक्.

एकदाच.

त्या दिवशी बरोबर चारला आतून खुर्ची सरळ झाल्याचा आवाज आला. सुमनताई पदर खोचून आत गेली. पावणेसातला बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले आणि चेहरा उजळलेला. "शेवटची पाटी बघितली," म्हणाली. "नावं किती बारीक अस्त्यात गं बाई!"

वर्षभर असंच चाललं. घरात दुपारी मिक्सर लागत नव्हता, एवढाच काय तो फरक.

गेल्या वर्षी श्रावणात ती नेहमीसारखी चारला गेली... दार उघडेना. आतून घोरणं ऐकू येत होतं. रबराची पट्टी लावलेल्या दारातून.

भैरू कधी घोरायचा नाही.

हे घोरणं लांबलचक होतं, शेवटी बारीक शिट्टी. ऐकताक्षणी सुमनताईनं ते ओळखलं. तिनं फोन काढून नवनाथच्या गावचा नंबर लावला. त्याच्या बायकोनं उचलला.

"मावशी... ते परवाच गेले हो. झोपेतच."

चार ते बारा, नवनाथची वेळ.

प्रज्वलनं हात जोडले, आई, आता तरी ऐक. तिनं ऐकलं नाही. आता ती रात्री बाराला बसते. डोळ्यांवर झोप असते, पण पिक्चर संपल्याशिवाय उठत नाही. बारा ते आठ वेळ गणराजची. गणराज जिवंत आहे, लातूरला दुधाची गाडी चालवतो. सुमनताई त्याला रोज सकाळी फोन करते. बीपीची गोळी घेतलीस का? गाडी हळू चालव. दवाखान्यात दाखवून ये. त्याला वाटतं, मावशीची काय ही माया.

परवा मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. गणराजनं सकाळपासून फोन उचलला नव्हता. तिनं माझ्यासमोर तीनदा लावला. नुसती रिंग जात होती.

तिनं फोन पालथा ठेवला. मग उठली, पदर खोचला.

"न्हाई उचलला तर न्हाई उचलला," ती म्हणाली. "बाराला मी बसणार म्हंजे बसणार. ज्याला यायचं त्यानं खाली गालिच्यावर पडावं. खुर्ची माझी हाय."

मला म्हणाली, थांब, नवीन पिक्चर आलाय, दोघं बघू.

मी साडेअकरालाच गाडीला किक मारली.